धैर्यवानांची बोट विहिरीत

"आता तुमचा बाथटब अर्धा भरून घ्या," असं मोबाइलमधला गोरा म्हातारा म्हणाला, तेव्हा रघुवीरराव धैर्यवानांनी व्हिडिओ थांबवला आणि आपल्या मोरीकडे पाहिलं. मोरीत एक निळं पिंप, एक पितळी घंगाळ आणि कपड्यांची बादली एवढाच संसार होता. घंगाळात बोट मावते का ते त्यांनी करून पाहिलं. बोटीचं नाक मावलं. पिंपात ती उभी मावत होती, पण उभी बोट म्हणजे बुडालेली बोट, एवढं ज्ञान त्यांना व्हिडिओ न पाहताही होतं.

"अहो, कालपासून घरातल्या एकूण एक भांड्याचं माप घेऊन झालंय तुमचं," सरोजिनीबाई आतून म्हणाल्या. "इडलीपात्रसुद्धा सोडलं नाहीत."

"बोट आधी घरच्या पाण्यात तपासावी लागते. नियम आहे तसा."

"मग घर बदला. बोट राहू दे."

बोट नीलनं पाठवली होती. नील त्यांचा मुलगा, बंगळूरला असतो. रिटायर झाल्यापासून वडील दिवसातून चारचारदा "काय चाललंय?" असं फोन करून विचारतात आणि काय चाललंय ते ऐकून न घेताच ठेवून देतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यातच डॉक्टरांनी रघुवीररावांचं ब्लडप्रेशर बघून "एखादा शांत छंद लावून घ्या, शक्यतो पाण्याजवळचा," असं सुचवलं. डॉक्टरांच्या मनात बहुधा चौपाटीवरचा फेरफटका असावा. नीलनं रिमोटवर चालणारी बोट धाडली. लाल बुडाची, पांढऱ्या केबिनची, पुढं नाजूक कठडा आणि माथ्यावर लुकलुकणारा दिवा असलेली हातभर लांब टग. मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणतात त्या जातीची. "नवशिक्यांना टगच बरी, बाबा. सावकाश चालते," असं तो म्हणाला होता.

रघुवीरराव जन्मभर विमा कचेरीत बसून दुसऱ्यांच्या बुडालेल्या बोटींचे क्लेम नाकारत आले होते. अशा माणसाला स्वतःची, अजून न बुडालेली बोट मिळाल्यावर किती आनंद झाला असेल! धैर्यवान हे त्यांचं आडनाव होतं, स्वभाव नव्हे. पण बोट हातात आल्यापासून ते थोडे आडनावाला जागू लागले होते. अडचण होती ती पाण्याची. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या या शहरात हातभर बोटीपुरतं पाणी मिळेना. चौपाटीवर पहिल्या लाटेनं बोट त्यांच्या पायाशी परत आणून ठेवली आणि दुसरीनं त्यांची चप्पल नेली. तेवढ्यात एक कुटुंब येऊन "अंकल, राइड का कितना?" असं विचारून गेलं. दादरच्या एका बागेत कारंज्याच्या हौदाशी ते नुसते वाकले, तर रखवालदारानं शिट्टी मारली. तेव्हापासून बोट कपाटावर कोरडी पडून होती.

शेजारच्या रूपर्टला तर त्यांनी ती नंतर दाखवलीच नाही. रूपर्ट हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. वाडीतलं लाकडी जिन्याचं आणि पुढं व्हरांडा असलेलं घर त्याचं. तो जन्मभर मोठमोठ्या मालवाहू जहाजांवर इंजिनियर होता. पहिल्या दिवशी टग बघून तो इतका हसला की त्याची बायको नॉर्मा आतून झारा घेऊन बाहेर आली. "रघू, हिच्यात माझा एक बूट पण बसणार नाय, मेन!" हे त्याचं वाक्य रघुवीररावांच्या जिव्हारी लागलं होतं. बोट सराईतपणे चालवता येईपर्यंत रूपर्टला ती दाखवायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि इकडे रूपर्टच्या घरी लग्न निघालं. त्याची मुलगी लविना, नवरा वसईचा लॅन्स. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरातलं लग्न म्हटलं की आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आलंच. बँड लावून, गाणी म्हणत घरच्या बायका विहिरीवर जातात, उंबराची डहाळी लावलेली कळशी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. वाडीच्या मधोमध विहीर होती, पण डासांच्या भीतीनं तिच्यावर जाळीचं झाकण बसून कुलूप लागलं, त्याला एक जमाना लोटला होता. रूपर्टच्या बहिणीच्या लग्नात शेवटी सार्वजनिक नळावर बादली भरावी लागली होती. रूपर्ट तेव्हा बोटीवर, कुठल्याशा दूरच्या बंदरात होता. बँड नळासमोर वाजला. रूपर्टची आई, जिला सगळी वाडी मोठी माय म्हणते, ती त्या दिवशी रडली होती. "नळाला कोण गाणी बोलतं काय?" एवढंच म्हणाली होती.

या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, हा विडा उचलला तो रघुवीररावांनीच. ते वाडीचे सेक्रेटरी. महापालिकेच्या कचेरीत खेटे घालून एका दिवसासाठी झाकण उघडायची परवानगी त्यांनी मिळवली, रहाट दुरुस्त करून घेतला, विहिरीतला पालापाचोळा काढवला. पाणी तपासून घेतलं. गप्पी मासे सोडलेलं ते पाणी आरशासारखं स्वच्छ निघालं. आणि विहिरीच्या भिंतीवर "या विहिरीत कोणीही, कोणतीही वस्तू, कोणत्याही कारणास्तव टाकू नये" असा बोर्ड स्वतःच्या सहीनं लावला. तीनदा "कोण" लिहिल्याशिवाय त्यांना मनाई केल्यासारखं वाटत नसे.

तर अशा त्या उंबराच्या पाण्याच्या दिवशी सकाळी कामगार निघून गेले आणि रघुवीररावांनी कठड्यावरून आत डोकावून पाहिलं. दोन पुरुष खोलीवर गोल, शांत, निवांत पाणी. वारा नाही, लाट नाही, रखवालदार नाही. "सुरुवात घराजवळच्या शांत पाण्यात करा," असं तो गोरा म्हातारा शपथेवर सांगत होता, ते पाणी हेच. वाडीतले सगळे लोक लग्नघरात राबायला गेलेले. रघुवीररावांनी आजूबाजूला पाहिलं, आपलाच बोर्ड वाचला, त्याच्याकडे पाठ केली आणि घरी जाऊन बोट घेऊन आले.

बोट बादलीत ठेवून त्यांनी ती रहाटानं हळूहळू खाली सोडली. बादली पाण्याला टेकून कलली आणि टग अलगद पाण्यात उतरली. त्यांनी रिमोटची दांडी पुढं केली. टगनं नाक उचललं, मागं पांढरी रेघ सोडली आणि विहिरीच्या कडेकडेनं एक सुंदर प्रदक्षिणा घातली. मग दुसरी. रघुवीररावांना हसू आवरेना. त्यांनी कठड्यावर वाकून तोंडानंच एक भोंगा वाजवला, तो विहिरीत घुमला आणि त्यांनी तो पुन्हा वाजवला. इतका निर्मळ आनंद त्यांना नोकरीत कधी झाला नव्हता, अगदी पेन्शनच्या दिवशीसुद्धा नाही.

आनंद भरपूर झाला तेव्हा त्यांनी बोट परत बादलीत घ्यायचं ठरवलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण उतरवायचा विचार केला होता, काढायचा केलाच नव्हता. रिमोटला दोन हात लागतात, बादलीच्या दोराला दोन हात लागतात आणि वाडीच्या सेक्रेटरीला एकूण दोनच असतात. त्यांनी दोर पायाखाली दाबला. मग दुसरा घोटाळा सुरू झाला. बोट पलीकडे जात असली की उजवं ते उजवं असतं, पण ती आपल्याकडे तोंड करून निघाली की तिचं उजवं म्हणजे आपलं डावं. गोऱ्या म्हाताऱ्यानं यावर एक अख्खा व्हिडिओ केला होता. तो पुढचा होता. रघुवीरराव बोट बादलीकडे वळवायचे आणि ती मानभावीपणानं दुसरीकडे निघून जायची. अशा बऱ्याच येरझारा झाल्यावर रिमोट टीं टीं करू लागला. बॅटरी उतरायच्या आत बोट काठाला आणावी, हेही त्यात सांगितलं होतं. पण विहिरीचा काठ दोन पुरुष वर होता. बोट बरोबर मधोमध गेली, दिवा मिटला आणि थांबली.

"जेवायला येताय ना?" सरोजिनीबाई मागं येऊन उभ्या होत्या. "आणि आत काय बघताय एवढं?"

"काही नाही. पाणी."

"पाण्यात ते लाल काय आहे?"

सरोजिनीबाईंनी वाकून पाहिलं. मग त्यांनी बोर्ड वाचला, सहीसकट, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"संध्याकाळी बायका इथे गाणी म्हणत येणार. मोठी माय इतकी वर्षं या पाण्याची वाट बघतेय. आणि तुम्ही त्यात खेळणं सोडलंत?"

"खेळणं नाही, टग आहे ती."

"नॉर्माला कळलं ना, तर ती तुम्हालाच आत सोडेल. आणि मी दोर धरणार नाही."

बायको असली तरी सरोजिनीबाई ऐन वेळी उपयोगी पडणाऱ्या होत्या. मोठ्या मायेच्या घरी जुना गळ होता, विहिरीत पडलेली भांडी काढायचा, चार आकड्यांचा. त्या जाऊन मागून आल्या. "काय पडला?" असं मोठ्या मायेनं विचारलं, तेव्हा त्यांनी "बादली" म्हणून ठोकून दिलं. गळ खाली सोडला आणि पहिल्याच ओढीला खरोखरच एक बादली वर आली. गंजलेली, बिनबुडाची, कुणाच्या तरी आजोबांच्या वेळची. म्हणजे सरोजिनीबाई खोटं बोलल्या नव्हत्या असं ठरलं. पुढच्या ओढीला छत्रीचा सांगाडा आला. बोट मात्र येईना. गळ जवळ गेला की पाणी हलायचं आणि बोट शांतपणे बाजूला सरकायची. बुडालेलं काढायची सोय पूर्वजांनी करून ठेवली होती, तरंगणारं काढायची नव्हती.

"मच्छरदाणी," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"इथे डास कुठायत?"

"चार टोकांना दोऱ्या बांधा. कोळ्याचं जाळं होईल."

मच्छरदाणी खाली गेली, भिजली आणि बोटीवर पसरली. क्षणभर टग आपली दुपारची झोप काढत असल्यासारखी दिसली. मग दोघांनी मिळून "एक, दोन, हां" करून ओढलं. बोट खालून निसटली आणि विहिरीतले झाडून सगळे गप्पी मासे वर आले. ते कठड्यावर तडफडू लागले, तेव्हा सरोजिनीबाईंनी पदर खोचून ओंजळी ओंजळीनं त्यांना परत सोडलं. मासे तेवढे वाचले. मच्छरदाणी कामातून गेली.

"आता एकच उपाय," सरोजिनीबाई ओल्या हातानं केस मागं सारत म्हणाल्या. "जा आणि नॉर्माला खरं काय ते सांगून मोकळे व्हा. शिव्या खाल्ल्यात तरी चालेल. भर विधीत तिला आत लाल बोट दिसण्यापेक्षा ते बरं."

रघुवीरराव गेले. नॉर्माच्या स्वयंपाकघरात मोठ्या कढईत फुगे, म्हणजे मैद्याचे टम्म गोळे, तळले जात होते, गरम मसाल्याचा आणि तेलाचा वास भरला होता, बायका सगळ्या एकदम बोलत होत्या. नॉर्मा त्यांना बघताच झारा टाकून पुढं आली.

"नॉर्मा, जरा बोलायचं होतं. विहिरीचं..."

"रघू, काय पण बोलू नको," नॉर्मा म्हणाली आणि तिचे डोळे एकदम भरून आले. "मोठी माय सकाळपासून लुगडं नेसून बसलीय. जेवली पण नाय. बोलते, विहिरीला उपाशी पोटी भेटायचं. रूपर्ट जन्मभर बोटीवर, घरचं सगळं मी एकटीनं केलं. पण ही विहीर मला एकटीला उघडता आली नसती रे. तू नसतास तर लविना पण नळाखालीच गेली असती." तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. हातांना ओलसर शेवाळ लागलं होतं. "बघ, आज पण स्वतः साफ करतोयस."

अशा वेळी जो खरं बोलू शकेल तो साधू. रघुवीरराव साधू नव्हते. ते "बरं बरं" म्हणाले आणि हातात दिलेली फुग्यांची बशी घेऊन बाहेर पडले. बाहेर पडून पाहतात तर रूपर्ट आईसाठी वेताची खुर्ची घेऊन विहिरीकडेच निघालेला. रघुवीरराव पळाले. शाळेत असताना ते एकदाच पळाले होते, तेव्हासुद्धा रूपर्टच मागं होता. ते त्याच्याआधी कठड्याशी पोचले आणि विहिरीकडे पाठ करून, हात पसरून उभे राहिले.

"काय रे, काय झालं?" रूपर्टनं खुर्ची खाली ठेवली. "बघू तर दे. किती वर्षांनी उघडलीय."

"नाही! तू बघायचं नाही."

"का बरं?"

रघुवीररावांचं डोकं इतक्या वेगानं कधीच चाललं नव्हतं. "रीत आहे. उंबराचं पाणी भरून होईपर्यंत लग्नघरच्या पुरुषांनी विहिरीत पाहायचं नसतं."

"असं? मला कुणी कधी बोललं नाय."

"तू होतास कधी इथे? मोठी माय म्हणाली."

बिचारा रूपर्ट! जहाजाचं इंजिन तो डोळे मिटून खोलू शकत होता, पण घरच्या रीतींच्या बाबतीत तो परदेशीच. त्याचा चेहरा एकदम शहाण्या मुलासारखा झाला. "बरं झालं सांगितलंस, रघू. मी सगळ्यांना सांगून ठेवतो." आणि तो खरोखरच सांगायला गेला. रघुवीरराव फुगा तोंडात धरून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले.

संध्याकाळी दिवेलागणीला बँड निघाला. पुढं ट्रम्पेट, मागं मोठा ढोल, त्यामागं लाल लुगड्यांतल्या, अंबाड्यात सोन्याची फुलं खोवलेल्या बायका. नॉर्माच्या डोक्यावर उंबराची डहाळी लावलेली तांब्याची कळशी, आणि मधोमध लविना, लाजत आणि मोबाइलवर शूटिंग करत. मोठी माय काठी टेकत सगळ्यांच्या पुढं होती. वाडीतल्या गॅलऱ्या गच्च भरल्या. मिरवणूक विहिरीपाशी आली आणि लग्नघरचे झाडून सगळे पुरुष, सुटाबुटातले काका, मामा, चुलत भाऊ, एकदम गर्रकन वळून विहिरीकडे पाठ करून उभे राहिले. बँडमास्तरला काही कळेना. "आमी पण?" असं त्यानं विचारलं. रूपर्टनं मान हलवली. मग बँडही वळला आणि जिन्याखालच्या भिंतीला तोंड करून वाजवू लागला.

मोठी माय खुर्चीत बसता बसता थांबली. "हे पुरुष तिकडं तोंड करून कशाला उभे?"

"तूच सांगितलंस ना, माय?" रूपर्ट भिंतीकडे बघत म्हणाला. "रघू बोलला मला."

मोठ्या मायेनं रघुवीररावांकडे पाहिलं. रघुवीरराव रहाटाशी उभे होते. सेक्रेटरी म्हणून दोर सोडायचं काम त्यांचं होतं, आणि त्यांच्या कपाळावरून जो घाम निथळत होता तो थंडीच्या दिवसांत निथळण्याजोगा नव्हता. म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सरोजिनीबाईंकडे पाहिलं, मग दुपारी दिलेल्या गळाकडे पाहिलं, जो अजून कठड्याला टेकून उभा होता.

"व्हय," ती म्हणाली. "सांगितला हाय. ऱ्हावा तसेच उभे."

गाणं सुरू झालं. नॉर्मानं कळशीच्या गळ्याला दोर बांधला. आत अंधारलं होतं, ही एक देवाची कृपा. बोट दिसत नव्हती. कळशी भरून वर येईपर्यंत ती तशीच गप्प राहिली तर सगळं निभावलं. रघुवीररावांचा एक हात दोरावर होता आणि दुसरा झब्ब्याच्या खिशात, रिमोटवर, नुसता आधाराला. पण दिवसभर विश्रांती मिळालेल्या बॅटरीत थोडी धुगधुगी येते, हेही पुढच्याच व्हिडिओत होतं. कळशी खाली निघाली, रघुवीररावांचा अंगठा चुकून दांडीवर पडला आणि खोल काळोखात एक बारीक दिवा लुकलुकला.

लुकलुकतो म्हणजे आता दिसणार! दिसायच्या आत बोटीला पलीकडच्या भिंतीच्या सावलीत घालवायला हवं. त्यांनी खिशातल्या खिशात दांडी उजवीकडे ढकलली. बोट त्यांच्याकडे तोंड करून होती. ती डावीकडे वळली, म्हणजे थेट कळशीकडे. त्यांनी आणखी उजवी ढकलली. ती आणखी नेमकी वळली. सकाळी विनवण्या करूनही जी बादलीच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती, ती टग आता मोठ्या जहाजाला भेटायला निघाल्यासारखी तडक कळशीला जाऊन भिडली आणि तिच्या पुढच्या कठड्यात उंबराची डहाळी पक्की अडकली.

"ओढा!" नॉर्मा म्हणाली. बायकांनी हात घातला. रहाट करकरला. रघुवीररावांनी डोळे मिटून घेतले, पण कान काही मिटता येत नाहीत. गाणं एका ओळीच्या मध्येच तुटलं. मग कुणाचाच आवाज येईना. फक्त भिंतीकडे तोंड केलेला बँड, काही माहीत नसल्यामुळे, उत्साहानं वाजत राहिला.

"मम्मी," लविना म्हणाली, "बोट!"

कळशी कठड्यावर आली होती, तोंडापर्यंत भरलेली. तिच्या गळ्यात, डहाळीला लटकून, पाणी ठिबकवत आणि दिवा लुकलुकवत, लाल-पांढरी टग. नॉर्मानं कळशीकडे पाहिलं, मग रघुवीररावांकडे. ती नजर आयुष्यात पुन्हा आपल्यावर पडू नये असं त्यांना वाटलं. आणि तरीही, कसं कोण जाणे, धैर्यवान आडनाव त्या क्षणी कामाला आलं.

"नॉर्मा, ती माझी," ते म्हणाले. "सकाळी मी सोडली. चूक झाली. तुझ्या लविनाच्या पाण्यात मी..."

मोठी माय खुर्चीतून उठली होती. तिनं काठी सरोजिनीबाईंच्या हातात दिली, डहाळी सोडवली आणि बोट दोन्ही हातांत घेऊन पदरानं पुसली. अगदी केबिनच्या खिडक्यांसकट.

"आमचे घरात लगीन असला का पुरुष बोटीवर," ती हळू म्हणाली. "माझा नवरा बोटीवर. पोरीचं लगीन झाला, तवा रूपर्ट बोटीवर. सगळे लग्नांत मी दाराकडं बघत बसली. आज विहिरीनं बोटच घरी धाडली. आता कोण नाय जात."

मग रूपर्ट वळला. रीत मोडून, सगळ्यांच्या आधी. आईच्या हातातली बोट बघून तो हसेल असं रघुवीररावांना वाटलं होतं. पण तो जवळ आला आणि त्यानं टगच्या त्या एवढ्याशा कठड्यावरून अंगठा फिरवला. "टग हाय," तो म्हणाला. "बंदर जवळ आलं ना रघू, की हीच यायची आमाला घ्यायला." त्यानं आईला कवेत घेतलं, बोटीसकट. नॉर्मा एका डोळ्यानं रडत आणि दुसऱ्यानं रघुवीररावांकडे बघत म्हणाली, "तुला तर मी लग्न झाल्यावर बघते!" पण तोवर ती हसायला लागली होती, गॅलऱ्यांतून टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि बँडला शेवटी कुणीतरी खांदा धरून वळवलं. त्या पाण्यानं लविना न्हाली. मोठ्या मायेनं पहिला तांब्या घातला, आणि नंतर तिला भूक लागली. तिनं एका बैठकीत चार फुगे खाल्ले.

लग्न झकास झालं. रिसेप्शनला टग केकशेजारी मांडली होती. रूपर्टनं येणाऱ्याजाणाऱ्याला ती चालवायचे बारकावे समजावून सांगितले, त्यातले बरेचसे चुकीचे होते. रघुवीरराव सरोजिनीबाईंबरोबर एका टेबलाशी सुखानं बसले होते, तेवढ्यात वडाळ्याची केझिया, नॉर्माची मामेबहीण, त्यांना शोधत आली.

"तुम्हीच ना बोटवाले? आमच्या ओनीलचं लग्न ठरलंय. उंबराच्या पाण्याला बोट लागेल. आमच्याकडे विहीर नाय, सोसायटीची टाकी हाय. चालेल?"

"अहो, पण तशी काही रीत नाही," रघुवीरराव घाईनं म्हणाले. "तो एक अपघात..."

सरोजिनीबाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. केझिया मात्र गोंधळली. तिला रीतीला धरून चालायचं होतं, त्यात तडजोड नको होती. पलीकडच्या टेबलाशी मोठी माय वाइनचा बारीक पेला हातात धरून बसली होती. केझिया तिच्यापुढं जाऊन वाकली.

"मोठी माय, खरं सांग. उंबराच्या पाण्याला बोट, ही आपली जुनी रीत हाय ना?"

मोठ्या मायेनं पेला खाली ठेवला आणि रघुवीररावांकडे एकदा शांतपणे पाहून घेतलं.

"माझे लग्नात," ती म्हणाली, "दोन होत्या."